इंग्रजीच्या शंका : ‘विल प्रॉबब्ली’ की ‘प्रॉबब्ली विल’?

प्रश्न : ‘शी विल प्रॉबब्ली कम’ हे बरोबर. मग नकारात मी ‘शी विल प्रॉबब्ली नॉट कम’ लिहिलं, तर वरिष्ठांनी ते खोडून ‘शी प्रॉबब्ली वोन्ट कम’ केलं. क्रियाविशेषण एकदा मोडलनंतर (म्हणजे ‘विल’, ‘कॅन’, ‘मस्ट’ अशा सहायकारी क्रियापदानंतर) आणि एकदा मोडलआधी, हे कसं?
— निर्यात कंपनीतील पत्रव्यवहार पाहणारा वाचक, इचलकरंजी

उत्तर : तुमचं वाक्य चूक नव्हतं, जरा औपचारिक होतं इतकंच. रोजच्या इंग्रजीत तिथे ‘वोन्ट’ येतं आणि ‘वोन्ट’ आलं की जागा बदलते.

होकारार्थी वाक्यात क्रियाविशेषणाची नेहमीची जागा पहिल्या सहायकारी क्रियापदाच्या लगेच नंतर असते. पुढे सहायकारी क्रियापदांची रांग लागली तरी फरक पडत नाही : ‘दे विल प्रॉबब्ली हॅव बीन टोल्ड.’ ‘ऑलवेज’, ‘नेव्हर’, ‘ऑफन’, ‘सून’, ‘ऑल्सो’, ‘सर्टन्ली’ ही मंडळी याच जागी बसतात. दोन एकत्र आली तर खात्री सांगणारं आधी, किती वेळा ते सांगणारं नंतर : ‘ही विल प्रॉबब्ली नेव्हर अ‍ॅग्री.’

‘वोन्ट’, ‘कान्ट’, ‘शुडन्ट’ या जोडरूपांत मोडल आणि ‘नॉट’ एकजीव झालेले असतात, मधे शिरायला फट नाही. मग आधी बसायचं की नंतर? इथे एक गोष्ट पक्की धरा : ‘नॉट’च्या उजवीकडे जे जातं, ते बहुतेक वेळा नकाराच्या कक्षेत येतं, डावीकडे जे राहतं, ते त्याबाहेर. ‘प्रॉबब्ली’ हा बोलणाऱ्याचा अंदाज आहे आणि अंदाज नाकारायचा नसतो, म्हणून ते डावीकडे राहतं. ‘शी वोन्ट प्रॉबब्ली कम’ कानाला खटकतं ते याचमुळे.

काही क्रियाविशेषणं मात्र दोन्ही बाजूंना चालतात आणि अर्थ पालटतो. तुमच्या पत्रव्यवहारात हे महागात पडू शकतं. ‘वी डेफिनेटली कान्ट प्रॉमिस फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारचा शब्द देणं अजिबात शक्य नाही. ‘वी कान्ट डेफिनेटली प्रॉमिस फ्रायडे’ म्हणजे शुक्रवारचं नक्की सांगता येत नाही, पण जमेलही. पहिलं वाक्य वाचून ग्राहक दुसरीकडे चौकशी करील, दुसरं वाचून थांबेल.

‘जस्ट’चंही तसंच. ‘आय जस्ट कान्ट लीव्ह हिम हिअर’ : मला त्याला इथे सोडवतच नाही. ‘आय कान्ट जस्ट लीव्ह हिम हिअर’ : त्याला नुसतं असं सोडून जाता येणार नाही, काहीतरी सोय करायला हवी. ‘स्टिल’ तर आणखी फसवं. ‘आय स्टिल कान्ट ओपन द फाइल’ ही तक्रार आहे, फाइल अजून उघडत नाही. ‘ही कान्ट स्टिल बी अस्लीप’ हा तर्क आहे : तो अजून झोपलेला असणं शक्य नाही.

आणखी एक अपवाद लक्षात ठेवा. उत्तर मोडलवरच संपत असेल, तर होकारातही क्रियाविशेषण आधी जातं. ‘विल शी कम?’ याचं उत्तर ‘शी प्रॉबब्ली विल’. ‘शी विल प्रॉबब्ली’ असं म्हटलं तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो. मोडलवर जोर द्यायचा असेल तेव्हाही हाच क्रम : ‘यू रिअली शुड सी अ डॉक्टर’, यात आघात ‘शुड’वर.

प्रश्न : आमच्या तपासणी अहवालात ‘द सील मस्ट बी केअरफुली चेक्ड’ लिहिलं होतं. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं, मोडल आणि क्रियापद यांच्यामध्ये काही घालायचं नसतं. खरं आहे का?
— गुणवत्ता विभागातील अभियंता, पुणे

उत्तर : नाही. ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालू नये, असा एक आग्रह 19व्या शतकात रुजला. तोच काही जणांनी मोडललाही लावला. त्याला व्याकरणाचा आधार नाही आणि तो पाळायला गेलं की वाक्य अवघडून जातं.

तुमचं वाक्य उत्तम आहे. काम कसं करायचं हे सांगणारं क्रियाविशेषण कर्मणी रचनेत शेवटच्या क्रियापदाला चिकटून येतं : ‘मस्ट बी केअरफुली चेक्ड’, ‘मस्ट हॅव बीन बॅडली फिटेड’. याउलट वाक्याबद्दलचं मत सांगणारं क्रियाविशेषण मोडलला चिकटतं : ‘द लीक कुड ईझिली हॅव बीन अव्हॉइडेड.’

दोन्ही कामं करू शकणारा शब्द असला की जागा फार जपावी लागते. ‘द डेट मस्ट बी क्लिअरली शोन’ म्हणजे तारीख ठळक, वाचता येईल अशी हवी. ‘द डेट मस्ट क्लिअरली बी शोन’ म्हणजे तारीख दाखवायलाच हवी हे उघड आहे. ती ठळक असावी असं यात कुठेच म्हटलेलं नाही. लेबलच्या सूचनेत दुसरं वाक्य गेलं, तर बारीक पुसट तारीखही नियमात बसते.

कर्तरी रचनेत आपल्याकडे हमखास होणारी चूक म्हणजे ‘यू मस्ट चेक केअरफुली द सील’. क्रियापद आणि कर्म यांची ताटातूट इंग्रजीला सहसा खपत नाही. कर्म छोटं असेल तर क्रियाविशेषण शेवटी टाका : ‘यू मस्ट चेक द सील केअरफुली.’ कर्म लांबलचक असेल तर क्रियापदाआधी आणा : ‘यू मस्ट केअरफुली चेक ऑल द सील्स दॅट वेअर रिप्लेस्ड लास्ट मंथ.’ शेवटी टाकलंत, तर ‘केअरफुली’ हा शब्द बदलण्याच्या कामाला जाऊन चिकटतो.

प्रश्न : ‘मे बी’ आणि ‘मेबी’ यांत फरक काय? आणि ‘मे वेल’ म्हणजेच ‘मे अ‍ॅज वेल’ का?
— स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी वाचक, नांदेड

उत्तर : ‘मे बी’ हे मोडल अधिक क्रियापद, वाक्याच्या मधे : ‘शी मे बी लेट.’ ‘मेबी’ हे एकसंध क्रियाविशेषण, बहुधा वाक्याच्या सुरुवातीला : ‘मेबी शी इज लेट.’ तिथे ‘परहॅप्स’ घालून पाहा; वाक्य टिकलं तर जोडून लिहा. निबंधात मात्र ‘परहॅप्स’च शोभतं.

‘मे वेल’ने शक्यता वाढते : ‘इट मे वेल रेन’, पाऊस येण्याची बरीच चिन्हं आहेत. ‘वी मे अ‍ॅज वेल वॉक’ यात शक्यतेचा संबंध नाही. याहून बरा मार्ग दिसत नाही तर चालतच जाऊ, असा भाव आहे. शक्यता वाढवणारं हे ‘वेल’ ‘मे’, ‘माइट’, ‘कुड’ यांच्याशी जमतं. ‘विल वेल रेन’ किंवा ‘मस्ट वेल रेन’ होत नाही.

‘विल शी प्रॉबब्ली कम?’ असंही विचारू नका. अंदाज आपणच बांधायचा आणि आपणच विचारायचा, हे जुळत नाही. ‘इज शी लाइकली टू कम?’ असं विचारा. ‘पॉसिबली’ मात्र प्रश्नात चालतं आणि विनंती मऊ करतं : ‘कुड यू पॉसिबली सेंड इट टुडे?’

प्रश्न : बारावीच्या मुलांना ‘बिगिन विथ नेव्हर’ असं आलं की ती ‘नेव्हर वी कॅन फरगेट’ लिहितात. नेमका नियम काय सांगावा?
— शिक्षिका, रत्नागिरी

उत्तर : नकारी अर्थाचं क्रियाविशेषण वाक्याच्या तोंडाशी आलं की मोडल कर्त्याच्या आधी उडी घेतं : ‘नेव्हर कॅन वी फरगेट’, ‘रेअरली विल यू फाइंड’. ‘ओन्ली’चीही तीच तऱ्हा, पण तिथे उलटापालट मुख्य वाक्यात होते : ‘ओन्ली आफ्टर यू साइन कॅन वी प्रोसीड.’ मुलं ‘आफ्टर’च्या तुकड्यातच शब्द उलटे करतात, तिथे गुण जातात. ‘परहॅप्स’, ‘समटाइम्स’, ‘प्रॉबब्ली’ सुरुवातीला आले तर काहीच उलटत नाही, हेही त्याच तासाला सांगा. नाहीतर नियम शिकलेला हुशार विद्यार्थी ‘परहॅप्स कॅन वी गो’ लिहून येतो.

‘हार्डली’ही याच गटातलं. त्यात नकार आधीच आहे, म्हणून ‘आय कॅन हार्डली हिअर’ पुरेसं. ‘कान्ट हार्डली’ नको. आणि निबंधात ‘वी शुड वर्क हार्डली’ दिसलं तर लाल शाई वापराच. त्याचा अर्थ होतो, काम जवळजवळ करूच नये.