तळ्यातला एरोमोनास रंग काढतो, म्हणून सांडपाण्याच्या टाकीत सोडावा का?

प्रश्न थोडक्यात असा: तळ्याच्या पाण्यातून वेगळा केलेला जिवाणू ॲझो रंगाचं (नायट्रोजनच्या जोडबंधावर उभ्या असलेल्या कापडरंगाचं) द्रावण २४ तासांत फिकट करतो. १६-एस क्रमवारीत (जिवाणू ओळखायला वाचतात त्या जनुकाच्या क्रमात) तो ९९ टक्के ‘एरोमोनास हायड्रोफिला’ निघाला. आता त्याचं कल्चर रंगाईच्या सांडपाण्याच्या टाकीत घालायचं आहे. तो पाण्यात असतोच, मग बिघडलं कुठे?

बिघडतं ते मात्रेत आणि वाटेत. तळ्यात तो इतर हजार जिवाणूंच्या गर्दीत विरळ असतो. तुमच्या फ्लास्कमध्ये मिलिलिटरला एक अब्जाच्या आसपास पेशी असतील, आणि हवा फुंकणाऱ्या टाकीतून त्यांचे तुषार उडतील. हा संधिसाधू, म्हणजे शरीर दुबळं दिसलं की रोग करणारा जिवाणू आहे, आणि संधिसाधू म्हणजे निरुपद्रवी नव्हे. धडधाकट माणसाच्या अखंड कातडीवर तो सहसा काही करत नाही. पण ओरखड्यात शिरला तर एक-दोन दिवसांत स्नायूपर्यंत पसरू शकतो, आणि लिव्हर सिऱ्होसिस असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाच्या रक्तात उतरला तर जीव घेऊ शकतो. जळवांच्या आतड्यात एरोमोनास कायमचा वस्तीला असतो, म्हणून शस्त्रक्रियेनंतर जळवा लावताना रुग्णाला आधीच प्रतिजैविक देतात. अँपिसिलिन त्यात बहुधा उपयोगाचं नाही. या कुळातले बहुतेक सदस्य त्याला जात्याच दाद देत नाहीत.

आधी ओळख पक्की करा. एरोमोनासच्या प्रजातींचे १६-एस जनुक एकमेकांच्या इतके जवळचे आहेत की ९९ टक्के जुळणीवरून प्रजाती ठरत नाही. हायड्रोफिला म्हणून नोंदलेले कित्येक स्ट्रेन नंतर ‘धाकेन्सिस’ निघाले, आणि ती जात जास्त आक्रमक आहे. जायर-बी आणि आरपीओ-डी ही प्रजातींत जास्त फरक दाखवणारी जनुकं वाचून घ्या. त्याआधी स्वस्तातल्या चाचण्या: ऑक्सिडेज पॉझिटिव्ह हवा, मात्र वसाहत न्यूट्रिएंट अगरवरूनच उचला. मॅकॉन्की अगरवर (लॅक्टोज असलेलं माध्यम) आम्ल झालेलं असेल तर निकाल खोटा निगेटिव्ह येतो. मिठाशिवाय वाढ, ६ टक्के मिठात नाही, ओ-१२९ (व्हिब्रिओ रोखणारं रसायन) च्या १५० मायक्रोग्रॅम चकतीभोवती वाढ, असं चित्र एरोमोनासचं. पण पटकीचा व्हिब्रिओही मिठाशिवाय वाढतो आणि त्याचे आता ओ-१२९ ला न जुमानणारे स्ट्रेन आहेत. म्हणून स्लाइडवर ०.५ टक्के सोडियम डीऑक्सिकोलेटच्या थेंबात वसाहत घोळून लूप वर उचला. चिकट तार निघाली तर तो व्हिब्रिओ असू शकतो; काम थांबवा आणि नमुना संदर्भ प्रयोगशाळेकडे द्या.

आता रंगाकडे. ‘रंग गेला’ याचे चार अर्थ होतात आणि त्यातला एकच तुम्हाला हवा आहे. १०,००० जी वर १० मिनिटं सेंट्रिफ्यूज करून गाळ बघा: गाळ रंगीत असेल तर पेशींनी रंग फक्त शोषलाय. मेलेल्या पेशींचा फ्लास्क शेजारी ठेवला नसेल तर आकडा फेकून द्या. माध्यमात ग्लुकोज असेल तर एरोमोनास ते आंबवून आम्ल करतो, आणि काही रंग नुसते सामू बदलला की छटा बदलतात. म्हणून मोजण्याआधी सामू सुरुवातीच्या आकड्यावर आणा. शेवटी निवळ (गाळावरचं स्वच्छ द्रावण) अर्धा तास हलवून हवा द्या. काही रंगांचे तुकडे ऑक्सिजन लागल्यावर पुन्हा रंगतात.

फ्लास्क स्थिर ठेवला की रंग जातो आणि शेकरवर जात नाही, हेही दिसलं असेल. ॲझो बंध तुटायला इलेक्ट्रॉन लागतात आणि ऑक्सिजन असला की ते आधी तोच पळवतो. तुटल्यावर उरतात सुगंधी अमाइन. त्यांतले काही मूळ रंगापेक्षा विषारी. ते खायला दुसरी, हवेची पायरी लागते. निबंधांत ‘९५ टक्के रंगहरण’ लिहून जिथे थांबतात, तिथे खरं काम अर्धंच झालेलं असतं.

बाकावर काम जैवसुरक्षा पातळी २ चं समजून करा: झाकणबंद सेंट्रिफ्यूज रोटर, सोनिकेशन कॅबिनेटमध्येच, बाक पुसायला रोज ताजं ०.५ टक्के हायपोक्लोराइट, १० मिनिटं ओलं ठेवून. रंगाचं सांडपाणी हायपोक्लोराइटवर सोपवू नका, सेंद्रिय द्रव्यच क्लोरीन खाऊन टाकतं. ते १२१ अंशांवर ३० मिनिटं ऑटोक्लेव्ह करा, पण त्यात क्लोरीन मिसळलेलं नसताना.

‘अल्जिनेटच्या मण्यांत कोंडून वापरू’ हा उपाय कैदेचा नाही. २ ते ३ टक्के सोडियम अल्जिनेट ०.२ मोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंबथेंब सोडून मणी छान होतात. पण कडेच्या पेशी वाढून बाहेर गळतात, आणि फॉस्फेट बफर कॅल्शियम ओढून मणीच मऊ करतो. विषजनुकाची पीसीआर निगेटिव्ह आली म्हणूनही निश्चिंत होऊ नका; प्रायमर जुळला नाही तरी तेच दिसतं. शिवाय हायड्रोफिलाच्या गुणसूत्रात कार्बापेनेम (राखीव ठेवलेली जोरकस प्रतिजैविकं) तोडणाऱ्या विकराचं सीपीएच-ए जनुक असतं आणि चकतीच्या चाचणीत ते सहज निसटतं.

अशी वाट आधी एकदा बंद झालेली आहे. बर्खोल्डेरिया सेपेशिया गटातले स्ट्रेन ट्रायक्लोरोइथिलीन हा प्रदूषक द्रावक खातात, पण तोच गट सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांची फुफ्फुसं पोखरतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००३ मध्ये त्याच्या नव्या वापरावर पूर्वसूचनेची अट घातली. स्युडोमोनास पुटिडा केटी २४४० हा पुष्कळ सौम्य पर्याय, पण तो हवेवर जगतो, तुमची स्थिर टाकी त्याला चालणार नाही.

माझं मत स्पष्ट आहे: हा जिवाणू सोडू नका. ॲझो बंध तोडणं ही दुर्मीळ कला नाही, टाकीतल्या गाळातच ते करणारे असतात. अडतं ते ऑक्सिजन आणि खाद्यापाशी. काचेच्या झाकणबंद बाटल्यांत १ भाग गाळ, ९ भाग सांडपाणी भरा. निम्म्या बाटल्यांत लिटरला १ ग्रॅम ग्लुकोज, निम्म्या तशाच, आणि एक जोडी ऑटोक्लेव्ह केलेल्या गाळाची. ७२ तास दर ६ तासांनी द्रावणाचं प्रकाश-शोषण (म्हणजे रंगाची गडदता) मोजा आणि सामू ७ च्या आसपास ठेवा. ग्लुकोजच्या बाटल्यांत रंग उतरला आणि मेलेल्या गाळात तसाच राहिला, तर त्यांचं निवळ हवेच्या टाकीतल्या गाळाला देऊन अमाइन खरंच घटतात का ते बघा.