गाडीला हाताने वॅक्स लावल्यावर पांढरे पट्टे का राहतात?

बहुतेक वेळा दोनच कारणं असतात: थर जाड लागतो, किंवा पत्रा तापलेला असतो. उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटवर वॅक्स लगेच कडक होतं आणि मग पुसता पुसत नाही. गाडी सावलीत घ्या, पत्र्याला हात लावून तो गार असल्याची खात्री करा. आधी धुऊन पूर्ण कोरडी केलेली हवी, नाहीतर धुळीचे कण घासून बारीक चरे पडतात.

ओलसर फोमच्या पॅडवर अगदी थोडं वॅक्स घ्या. एका वेळी एकच दार किंवा अर्धं बॉनेट. थर जेमतेम दिसेल इतका पातळ. जाड थराने चमक वाढत नाही, वॅक्स फक्त वाया जातं. धुरकट झालं की बोट फिरवून बघा. बोटाखाली स्वच्छ चमक दिसली की मायक्रोफायबरने पुसा. काळ्या प्लॅस्टिकला लागू देऊ नका, तिथले डाग फार चिवट असतात.

आता राहिलेल्या पट्ट्यांवर त्याच वॅक्सचा हलका हात फिरवून लगेच पुसा, जुनं सुटून येतं.

पावसाळ्यासाठी मी कार्नोबा वॅक्सपेक्षा (ताडाच्या पानांपासून मिळणारं नैसर्गिक मेण) सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्ससारखंच लावायचं कृत्रिम संरक्षक लेपन, सुचवेन, ते जास्त टिकतं. मात्र डब्यावर लिहिलेल्या वेळेपर्यंत त्याला पाणी लागू देऊ नका.