'नियोजित विवाह' आणि सोयऱ्याचं मूळ

प्रश्न असा आलाय: अरेंज मॅरेजला मराठीत 'नियोजित विवाह' म्हणणं बरोबर आहे का?

नाही. सोलापुरातल्या वधूवर मेळाव्यांत निवेदक हा शब्द माइकवरून असा ठसक्यात फेकतात की ऐकून दात आंबतात. नियोजित वधू म्हणजे जिचं लग्न ठरलंय ती. मग ते तिने स्वतः का ठरवलेलं असेना! शिवाय नियोजित आणि नियोग एकाच धातूचे. महाभारतातला नियोग म्हणजे नवऱ्याऐवजी दुसऱ्या पुरुषाकडून संतती मिळवण्याची चाल; ते निवेदकाच्या कानात कुणीतरी सांगा. 'ठरवून केलं' म्हणा, 'बघून केलं' म्हणा. जपान्यांनाही बघण्यावरूनच शब्द सुचला: त्यांचं 'मिआई' म्हणजे एकमेकांना बघणं, थोडक्यात आपले कांदेपोहे.

पण 'सोयरीक' घरात असताना हे सगळं हवंच कशाला? अमक्यांशी सोयरीक झाली म्हटलं की थोरांनी बसून ठरवलं, देणंघेणं बोललं गेलं, सुपारी फुटली, हे सगळं त्यात आलं.

आता या सोयऱ्याचं मूळ बघा. 'सोयीचा तो सोयरा' हे टाळ्यांचं वाक्य आहे, व्युत्पत्ती नव्हे. 'सुहृद' म्हणजे मित्र, त्यावरून सोयरा आला म्हणणारे विद्वान जरा बरे, पण सोयऱ्यातला ठणठणीत 'र' ते कुठून पैदा करणार? सोयरा आला सोदरावरून. पादाचा पाय झाला, तसा सोदराचा सोयर. आणि सोदर म्हणजे एकाच उदरातला, सख्खा भाऊ! ज्या नात्यात लग्नाचा विषयच निघू नये, त्याचा शब्द थेट व्याह्याला चिकटला. यावर 'अर्थविस्तार' एवढं म्हणून हात झटकायचे, हा निव्वळ आळस. तुकोबांची वृक्षवल्ली सोयरी झाली ती विस्तारानेच, मान्य. पण लग्नाचाच अर्थ एवढा घट्ट का बसला?

माझं म्हणणं, मामाच्या मुलीमुळे. आमच्याकडे बहिणीच्या लेकाला भावाची लेक करायची जुनी चाल. म्हणजे सोदरच सोयरा होतो! खूण हवी तर सुनेच्या तोंडी ऐका. नात्यातली नसली तरी सासऱ्याला मामंजी आणि सासूला आत्याबाई. सोलापूरच्या पूर्व भागात तेलुगू घरांत सासरा 'मामा', सासू 'अत्ता'; अक्कलकोटकडे कानडीत 'माव' आणि 'अत्ते'. तिन्ही भाषा एकच गोष्ट सांगतात.

एका पंडितांनी मला ऐकवलं की ही चाल शास्त्राबाहेरची, तिच्यावर व्युत्पत्ती उभी करू नका. त्यांनी बौधायन धर्मसूत्र हा धर्मशास्त्राचा प्राचीन ग्रंथच उघडावा. दक्षिणेकडच्यांच्या खास चालींत मामाच्या आणि आत्याच्या मुलीशी लग्न तिथे स्वच्छ नोंदलंय. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यानेही रूढी असेल तर अशा नात्याला वाट ठेवलीय.

आणि हो, 'सोयरसुतक'मधलं सोयर कृपा करून इथे ओढू नका. ते बाळ जन्मल्यावरचं अशौच. त्याचं घराणं वेगळं.