ऑलिंपिक चॅम्पियन जेसन केनी कोच म्हणून कसा ठरला?

सात ऑलिंपिक सुवर्णं जिंकलेला सायकलपटू कोच म्हणूनही तितकाच भारी ठरतो का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते पदकांवरून काहीच सांगता येत नाही.

केनीची टोकियोतली केरिन फायनल बघा. केरिन म्हणजे 250 मीटरच्या ट्रॅकवर सहा फेऱ्या. पहिल्या तीन डर्नी नावाच्या मोटर लावलेल्या सायकलमागे रांगेत काढायच्या, ती बाजूला झाली की खरी मारामारी. बहुतेक जण शेवटच्या दीडेक फेरीसाठी दम राखून ठेवतात. केनी रांगेत पहिला होता. मागच्या ऑस्ट्रेलियन ग्लेट्झरने बरंच अंतर सोडलेलं त्याने हेरलं आणि डर्नी हटताच सुसाट सुटला. पाठलाग कोणी करायचा हे मागच्यांचं ठरेपर्यंत खेळ खलास! वय 33, आणि त्याच ऑलिंपिकमध्ये वैयक्तिक स्प्रिंटच्या उपांत्यपूर्व फेरीतही तो पोचला नव्हता.

आता हे शिकवणार कसं? मागे लक्ष ठेव म्हणून सांगता येतं, पण ‘एवढं अंतर पुरे’ हे ज्याचं त्यालाच उमगावं लागतं.

फेब्रुवारी 2022 मध्ये निवृत्ती जाहीर करून तो ब्रिटनच्या पुरुष स्प्रिंटर्सचा कोच झाला. तिथलं काम निराळं: जिम, स्टार्टचा सराव, गियरची निवड. (या सायकलला ब्रेक नसतो आणि गियर एकच, शर्यत सुरू झाल्यावर बदलायची सोय नाही.) त्याचा खरा उपयोग टीम स्प्रिंटमध्ये झाला असावा, असा माझा अंदाज. तिघांच्या तीन फेऱ्या, दर फेरीला पुढचा बाजूला होतो. बीजिंग, लंडन, रिओ, तिन्ही सुवर्णांच्या वेळी केनी दुसऱ्या जागेवर होता. पहिल्याच्या चाकाला चिकटायचं, मग आपली फेरी ओढून तिसऱ्याला वेगात सोडायचं. हे कसब मात्र शिकवता येतं. पॅरिसमध्ये त्याच्या पोरांना रौप्य मिळालं. 41 सेकंदांच्या आत आलेल्या डच संघापुढे कोणाचंच काही चाललं नसतं.

त्याच पॅरिसमध्ये ब्रिटनच्या महिला टीम स्प्रिंट संघाने विश्वविक्रमासह सुवर्ण घेतलं. त्यांची कोच ऑस्ट्रेलियाची कार्ली मॅककलक. टीम स्प्रिंटची चार वेळची विश्वविजेती, पण ऑलिंपिक पदक एकच, 2012 चं कांस्य.