पुस्तक कुठलंही घ्या, पण पट्ट्यांवरची स्टिकरं काढा

साताऱ्याच्या ताई, तुमच्या क्लासची सहा मुलं पट्ट्यांवरची स्टिकरं बघून चार महिन्यांत कीबोर्डवर पाच गाणी वाजवायला लागली, पण कागदावरचा एक सूर ओळखत नाहीत, म्हणून पद्धत बदलू का, असं तुम्ही विचारलंय. वाचून मला माझं २००९ साल आठवलं.

मी मूळचा मिरजेचा पेटीवाला. तेव्हा सांगलीत एका क्लासला कीबोर्ड शिकवायचो. नाव सांगत नाही, गाव लहान आहे. संचालकांचा हट्ट एकच: महिन्याभरात पोरानं घरी एक गाणं वाजवून दाखवलं पाहिजे, नाहीतर पालक पुढची फी भरत नाहीत. मग मी पांढऱ्या पट्ट्यांवर सारेगमची स्टिकरं लावली. सा म्हणजे पांढरी एक, इंग्रजीतला सी. पुस्तकातही प्रत्येक नोटेखाली पेनानं तेच लिहून दिलं. गॅदरिंगला टाळ्या पडल्या. मलाही वाटलं, जमलं की!

पुढे जी मेजर आलं, म्हणजे प चं स्टिकर असलेल्या जी पट्टीपासून सुरू होणारं सप्तक. एका मुलीनं विचारलं, "सर, आता प ला सा म्हणायचं का?" मला उत्तर देता येईना. आपला सा हलता, कुणाचा काळी चार, कुणाचा पांढरी पाच. नोटेशनमधला ठिपका मात्र ठरलेली पट्टीच दाखवतो, सा कुठेही असो. या दोन गोष्टींची खिचडी मीच करून ठेवली होती.

हीच मुलगी एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थेच्या पियानो परीक्षेला, पहिल्या ग्रेडला बसली. तिन्ही पीस झकास. साइट रीडिंगला, म्हणजे कधी न पाहिलेली ओळ अर्धा मिनिट बघून वाजवायची, तिथे मात्र हात मांडीवरच. २१ पैकी ९. एकूण १५० पैकी १००ला पास असतात, तेवढे तिनं ओलांडले, पण वर्षभरात पियानो सोडला. मी संचालकांना म्हटलं, स्टिकरं काढू या. तर त्यांनी तिच्या आईला परस्पर सांगितलं, "मुलगी घरी रियाज करत नाही." हे मला आजही पचलेलं नाही. असो.

आता पद्धतीचं. मी पाश्चात्त्य संगीताचा पदवीधर नाही, आणि माझे विद्यार्थी आठ वर्षांच्या पुढचे. त्याहून लहानांचं दुसऱ्या कुणाला विचारा. दोन्ही अंगठे कीबोर्डच्या मधल्या सी वर ठेवून सुरुवात करणारी पुस्तकं सगळीकडे मिळतात. त्यात महिनोन्महिने हात जागचे हलत नाहीत आणि 'एक नंबरचं बोट (अंगठा) म्हणजे सी' हे डोक्यात पक्कं बसतं. स्टिकरांचाच धाकटा भाऊ. जपानी संगीतशिक्षक सुझुकींची आधी ऐका-वाजवा, मग वाचा ही पद्धत आपल्या भजनं ऐकून तयार झालेल्या कानांना मानवते, पण त्यात पालकानं तासाला शेजारी बसायचं असतं. संध्याकाळी सहाला कोण बसणार?

माझं मत खुणेच्या सुरांच्या बाजूनं. पहिले तीन-चार आठवडे कागद बाजूला ठेवून फक्त काळ्या पट्ट्या, दोनांचा आणि तीनांचा गट, कीबोर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग तीनच खुणा: बेसचा (खालच्या सुरांच्या ओळीतला) एफ, मधला सी, ट्रेबलचा (वरच्या सुरांच्या ओळीतला) जी. क्लेफचं, म्हणजे ओळीच्या सुरुवातीचं, चिन्हच त्या एफ आणि जी च्या रेषेभोवती काढलेलं असतं, मुलांना ते दाखवलं की गंमत वाटते. बाकीचे सूर खुणेपासून अंतरानं वाचायचे: शेजारचा, की एक सोडून? नावाची घाई नको.

पेटी शिकून आलेलं पोर असेल तर त्याच्या डाव्या हाताला फक्त भाता माहीत असतो. पहिली चाल डाव्यालाच द्या, उजवा आपोआप येतो. आणि कीबोर्ड घेणाऱ्या पालकांना सांगा, ६१ पट्ट्यांचा चालेल, पण हलकं-जोरात दाबल्यावर आवाज बदलणारा घ्या.

स्टिकरं एका दिवसात उपटू नका, मुलं रडतात. आधी एफ, सी आणि जी या तीनच खुणा ठेवून बाकीची काढा, पंधरा दिवसांनी याही काढा. डिंक राहिलाच तर फडक्याला थोडं खोबरेल लावून पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको, प्लॅस्टिक पांढरं पडतं. माझ्या एका कीबोर्डवर तो डाग अजून आहे.