ऑटोफॅजी रोखण्याआधी ती नीट मोज

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा आराखडा वाचला. ‘ऑटोफॅजी रोखली की ऑस्टिओसार्कोमा (हाडाचा कर्करोग) आटोक्यात येईल’ हे वाक्य तू पहिल्याच पानावर ठामपणे लिहिलं आहेस. माझा आक्षेप तिथूनच सुरू होतो.

ऑटोफॅजीत पेशी आपलेच जुने, मोडके भाग पडद्याच्या पिशवीत गुंडाळून लायसोसोम या पेशीतल्या पचनाच्या कप्प्याकडे नेते, तिथे पचवते आणि निघालेला माल पुन्हा वापरते. दुष्काळात घरातली भांडी मोडीत घालून दिवस काढावेत, तसंच हे. निरोगी पेशीत ही सफाई कर्करोगाला दूर ठेवते. ऑटोफॅजीला लागणाऱ्या बेक्लिन-१ जनुकाची एक प्रत नसलेल्या उंदरांना गाठी जास्त होतात. पण गाठ वाढली, तिच्या आतल्या भागाला रक्त अपुरं पडू लागलं, की हीच सोय तिला तगवते. केमो सुरू झाल्यावर तर अधिकच. डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि मेथोट्रेक्सेट या तिन्ही औषधांनी ऑस्टिओसार्कोमाच्या पेशींत एचएमजीबी१ हे प्रथिन वाढतं, त्याने ऑटोफॅजी वाढते आणि पेशी औषधाला दाद देत नाहीत, असं २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं. ते प्रथिन दाबलं तेव्हा औषधं पुन्हा लागू पडली. तुझं वाक्य इथूनच आलं असणार. पण काही औषधांखाली ऑटोफॅजी अति झाली की पेशी मरतेही. म्हणून कोणतं औषध, किती वेळ, कोणती पेशी, हे सांगितल्याशिवाय ‘रोखा’ म्हणू नकोस.

आता मोजणीचं. ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनांचं प्रमाण पट्ट्यांनी दाखवणाऱ्या चाचणीत, पिशव्यांवर बसणाऱ्या एलसी३-टू या प्रथिनाची पट्टी गडद झाली की मुलं लगेच ‘ऑटोफॅजी वाढली’ असं लिहितात. पिशव्या जास्त तयार झाल्या तरी पट्टी गडद होते आणि त्या पचल्याच नाहीत तरीही होते! लायसोसोममधलं पचन थांबवणारं बॅफिलोमायसिन घालून आणि न घालता, दोन्ही नमुने शेजारी चालव. फरक दिसला तरच प्रवाहाबद्दल, म्हणजे पिशव्या बनण्यापासून पचण्यापर्यंतच्या वेगाबद्दल, बोल. ऑटोफॅजीत स्वतःच पचून जाणारं पी६२ हे प्रथिनही पाहा. ऑटोफॅजी रोखायला वापरतात त्या क्लोरोक्विन या मलेरियाच्या औषधाने सगळ्या लायसोसोमचं काम बिघडतं, त्यामुळे त्यावर मिळालेला निकाल एटीजी५ किंवा एटीजी७ ही ऑटोफॅजीची जनुकं बंद करून पुन्हा तपासायलाच हवा. ऑस्टिओसार्कोमाच्या यू२ओएस या पेशींमध्ये पी५३ हे गाठ रोखणारं जनुक शाबूत आहे, साओस-२ पेशींमध्ये ते नाहीच, दोन्ही वापर.

औषधांची निवडही इथल्या रुग्णांकडे पाहून कर. जास्त मात्रेच्या मेथोट्रेक्सेटला रक्तातली पातळी सतत मोजावी लागते, रुग्णाला भरती ठेवावं लागतं. आपल्याकडे हे सगळ्यांना परवडत नाही. टाटा मेमोरियलने ओजीएस-१२ ही उपचारपद्धती मेथोट्रेक्सेट वगळून डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि इफॉस्फामाइड यांवर बेतली, ती याच अडचणीमुळे. तुझ्या आराखड्यात इफॉस्फामाइड नाही. ते घे. मात्र ते यकृतात गेल्यावरच सक्रिय होतं. डिशमधल्या पेशींवर नुसतं ओतलंस तर काही होणार नाही, त्याचं सक्रिय रूप मागव.

हा आजार बहुतेक वेळा दहावी-बारावीच्या वयात, गुडघ्याजवळ सुरू होतो आणि फुप्फुसात पसरतो. पूर्वी फक्त पाय कापून पाचातला एकही मुलगा जेमतेम वाचायचा. केमो आल्यावर, आजार पसरलेला नसेल तर, दहातले सहा-सात वाचू लागले. पण गेली कित्येक दशकं हा आकडा फारसा हललेला नाही. त्यामुळे तुझा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो आणि म्हणूनच मी इतकी कसून विचारतेय.

आणखी एक. कुणी नातेवाईक फोन करून ‘मलेरियाची गोळी कॅन्सरवर चालते म्हणे’ असं विचारेल. ती गोळी म्हणजे हेच क्लोरोक्विन. त्यांना स्पष्ट सांग, की डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ती मुळीच देऊ नका. तिने हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि दीर्घकाळ घेतल्यास डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते.

डॉक्सोरुबिसिनचा पहिला ब्लॉट झाला की पाठव. पट्ट्या देखण्या नसल्या तरी चालतील, कंट्रोल, म्हणजे तुलनेचे नमुने, मात्र सगळे असू देत.

तुझी,
मॅडम