अपघातानंतर विमा कंपनीने सुचवलेल्या गॅरेजमध्येच गाडी द्यावी का?

मी साडेचार वर्षं अशाच एका गॅरेजमध्ये एस्टिमेट लिहायच्या टेबलावर बसलोय. विमा कंपनीच्या यादीतलं गॅरेज होतं. ती नोकरी सोडली आणि वर्षभरातच माझ्या स्वतःच्या गाडीला सिग्नलवर एकाने मागून ठोकलं. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या मला माहीत आहेत. तुम्ही लिहिलंय की मागचा बंपर आणि डिकी आत गेलीय, कंपनीच्या माणसाने फोनवरच एका गॅरेजचं नाव सांगितलं, आणि ओळखीचा मेकॅनिक म्हणतो तिथे जाऊ नका, ते लोक पाट्या टाकतात. तर कोणाचं ऐकायचं?

दोघांचंही, अर्धं अर्धं.

आधी ही यादी म्हणजे काय ते सांगतो. गॅरेज आणि विमा कंपनी यांच्यात करार असतो. कंपनी गाड्या पाठवते. बदल्यात गॅरेज मजुरीचा दर कमी लावतं, पार्टवर सूट देतं, ठरलेल्या दिवसांत गाडी बाहेर काढतं आणि बिल थेट कंपनीला धाडतं. तुमच्या खिशातून पॉलिसीत तुमच्या वाट्याला लिहिलेला भाग तेवढा जातो. यात लबाडी काही नाही. पण दर महिन्याला आमच्या मॅनेजरपुढे एक तक्ता यायचा: सरासरी बिल किती झालं, गाड्या किती दिवस अडकल्या, किती पार्ट बदलले आणि किती ठोकून सरळ केले. आकडे इतर गॅरेजांपेक्षा वर गेले की फोन यायचा. ‘काम खराब करा’ असं त्या फोनवर कुणी कधीच म्हणालं नाही. ‘जरा बघा’ एवढंच म्हणायचे. दार बदलायचं की लांबी (खड्डा बुजवायची पुट्टी) भरून रंगवायचं, असा काठावरचा प्रश्न आला की त्या ‘जरा बघा’मुळे माझं पेन आपोआप लांबीकडे झुकायचं. तुम्ही आयुष्यात एकदा येणार, कंपनीच्या गाड्या रोज येणार.

पण यादीबाहेरचं गॅरेज म्हणजे चांगलंच गॅरेज, असंही नाही. यादीत टिकायचं तर सांगाडा मोजायचा बेंच, रंगाची भट्टी, ठरावीक वेल्डिंग यंत्रं अशी सामग्री सहसा लागते. छोट्या गॅरेजांपैकी अनेकांकडे ती नसते. शिवाय यादीतल्या गॅरेजच्या कामाची हमी पुष्कळदा विमा कंपनीही घेते, म्हणजे सहा महिन्यांनी रंगाला फोड आले तर भांडायला दोन दारं असतात. बाहेर गेलात तर दरांतला फरक अंगावर येऊ शकतो, पैसे आधी भरून मागाहून मागावे लागू शकतात. ‘आमच्याच गॅरेजात न्यावी लागेल’ असं फोनवर सांगितलं असेल, तर पॉलिसीतलं ते कलम ईमेलवर मागा. फोनवरचं ‘लागेल’ कागदावर येईपर्यंत बऱ्याचदा ‘नेल्यास सोयीचं’ होतं.

मी स्वतः यादीतल्या गॅरेजमध्येच गेलो. फक्त किल्ली देऊन विसरलो नाही.

पहिलं एस्टिमेट फारसं मनावर घेऊ नका. बाहेरून दिसतं तेवढ्यावर ते लिहिलेलं असतं. आपण ज्याला बंपर म्हणतो ते नुसतं प्लॅस्टिकचं कातडं. दाबलं गेलं तरी परत जागेवर येतं, कधी कधी रंगसुद्धा शाबूत राहतो. त्याच्या आत धक्का शोषणारा फोम, त्यामागे आडवा बीम, बीमचे ब्रॅकेट, मग मागचं पॅनेल, मग डिकीचा तळ. काय मोडलंय हे गाडी खोलल्यावरच कळतं, आणि मग दुसरं एस्टिमेट जातं. त्याला आम्ही सप्लिमेंटरी म्हणायचो. भांडायचं असेल ते इथे, रंग चढल्यावर नाही. म्हणून किल्ली देतानाच सांगा, ‘गाडी खोलली की फोन करा, मी बघायला येतो, नाहीच जमलं तर फोटो पाठवा.’ आणि हे जॉब कार्डावर लिहून घ्या.

माझ्या गाडीचं पहिलं एस्टिमेट बंपर आणि रंग, एवढंच होतं. खोलल्यावर बीमला मधोमध पोचा निघाला. सर्व्हेअरने, म्हणजे नुकसान तपासायला विमा कंपनीने पाठवलेल्या माणसाने, शेरा मारला, ‘सरळ करून घ्या.’ माझ्या जुन्या खुर्चीसारख्याच खुर्चीत बसलेला पोरगा मला म्हणाला, ‘काका, गरम करून ओढला की कळणारसुद्धा नाही.’ कळणार नव्हतंच, भीती तीच होती. हल्ली असे बीम, दारांमधले खांब वगैरे अनेक गाड्यांत बोरॉन मिसळलेल्या स्टीलचे असतात. कारखान्यात ते ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून साच्यातच झटकन थंड करतात. त्याने ताकद १,५०० मेगापास्कलच्या घरात जाते, साध्या पत्र्याच्या चौपट-पाचपट. तोच तुकडा गॅरेजमध्ये ज्योतीने तापवला आणि सावकाश निवू दिला की ती ताकद उतरते. मग बीम दिसतो सरळ, पण पुढच्या धडकेला टिकत नाही.

मी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणालो, ‘गाडी बनवणाऱ्या कंपनीची दुरुस्ती पद्धत या बीमबद्दल काय सांगते, ते पान छापून द्या. त्याविरुद्ध करणार असाल तर त्याच पानावर सही करा.’ पान निघालं. तापवू नये, सरळ करू नये, बदलावा, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. सही कुणी केली नाही आणि दोन दिवसांत नवा बीम मंजूर झाला. गंमत म्हणजे मी टेबलापलीकडे बसायचो त्या साडेचार वर्षांत हा प्रश्न मला एकाही ग्राहकाने विचारला नव्हता. विचारला असता तर मला बरंच झालं असतं. कंपनीशी बोलायला माझ्या हातात कागद आला असता. त्या पोरावर ओरडू नका, त्यालाही तुमच्या आग्रहाचा आधार हवा असतो.

या पद्धतीची ऐशीतैशी केली की काय होतं, त्याचा एक खटला या धंद्यातल्या लोकांच्या बोलण्यात हमखास येतो. अमेरिकेत टेक्सासमध्ये एका होंडा फिटचं छत गारपिटीनंतर बदललं होतं. होंडाच्या पद्धतीप्रमाणे ते वेल्ड करायला हवं होतं, गॅरेजने ते चिकटद्रव्याने बसवलं. पुढे गाडी विकली गेली, घेणाऱ्या जोडप्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. २०१३ साली त्या गाडीला अपघात झाला, सांगाडा टिकला नाही, दोघं गंभीर जखमी झाले. २०१७ मध्ये डॅलसच्या ज्युरीने त्या गॅरेजवर ३ कोटी १५ लाख डॉलरची भरपाई बसवली. छत बाहेरून बघून कुणाला काय कळलं असतं?

पार्टबद्दल माझं मत मेकॅनिक मंडळींना पटत नाही, तरी सांगतो. तीन प्रकार असतात: गाडीच्या कंपनीचा नवा, दुसऱ्याने बनवलेला नवा, आणि भंगारात गेलेल्या तशाच गाडीवरून काढलेला जुना. लोक ‘जुना’ ऐकून दचकतात. पण दार किंवा डिकीचं झाकण असेल, तर दुसऱ्याने बनवलेल्या नव्यापेक्षा मी कंपनीचा न गंजलेला जुना घेईन. तो त्याच साच्यातून निघालेला असतो, फटी सारख्या बसतात. एअरबॅग आणि सीटबेल्ट मात्र नवे आणि कंपनीचेच, तिथे घासाघीस नको. कुठल्या ओळीत कोणता पार्ट आहे हे एस्टिमेटमध्ये लिहिलेलं असतं, बहुधा संक्षेपात. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारा.

सीटबेल्टवरून आठवलं. मागून जोरात बसली असेल, तर काही गाड्यांमध्ये एअरबॅग न उघडता नुसता बेल्ट ताणणारा भाग उडतो. तो एकदाच चालतो, मग बदलावाच लागतो. वरून बेल्ट नेहमीसारखाच दिसतो. अशा गोष्टी कळायला गाडी स्कॅनरला जोडावी लागते, एकदा काम सुरू करण्याआधी आणि एकदा संपल्यावर. ‘डॅशबोर्डवर दिवा नाही म्हणजे सगळं ठीक’ हे चालवून घेऊ नका. कितीतरी दोष दिवा न लावताच नोंदले जातात. दोन्ही वेळचे छापील रिपोर्ट मागा. तुमच्या बंपरच्या कोपऱ्यांत शेजारची गाडी ओळखणारे रडार असतील तर आणखी एक: त्यांच्यासमोर लांबी किंवा रंगाचे जादा थर चढले की रडारची नजर बिघडू शकते, म्हणून अनेक कंपन्या तिथे कातडं दुरुस्त न करता बदलायला सांगतात. आणि रडार किंवा कॅमेरा हलला असेल तर तो पुन्हा कोनात बसवणं, म्हणजे कॅलिब्रेशन, बिलात स्वतंत्र ओळ म्हणून दिसलं पाहिजे. कोन एका अंशाने चुकला तर १०० मीटरवर नेम जवळजवळ पावणेदोन मीटर सरकतो, म्हणजे साधारण अर्धी लेन.

रंगाचं थोडक्यात. मेटॅलिक शेड असेल तर शेजारच्या पॅनेलवरही रंग विरवत न्यावा लागतो, नाहीतर उन्हात ठिगळ दिसतं. एस्टिमेटमध्ये शेजारच्या पॅनेलची ओळ नसेल तर आत्ताच विचारा.

गाडी घ्यायला दिवसाउजेडी जा. संध्याकाळी सातला ‘तयार आहे’ असा फोन आला तर ‘उद्या येतो’ म्हणा. (आम्ही सातलाच करायचो. का, ते ओळखा.) डिकीतलं कार्पेट आणि स्टेपनी उचलून तळ बघा, सुरकुती किंवा उघडं वेल्डिंग दिसतंय का. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या आहेत का, ते बोटाने तपासा. डिकी बंद करून पाईपने पाणी मारायला सांगा. माझी डिकी गळत होती. हे मी गेटबाहेर पडायच्या आधी दाखवलं म्हणून रबर त्याच दिवशी नीट बसलं. समाधानपत्रावर सही हे सगळं झाल्यावरच. सहीशिवाय गॅरेजचं बिल कंपनीकडे अडतं, त्यामुळे तोवर तुमच्या शब्दाला वजन असतं.

आणि तुमच्या त्या मेकॅनिकला सोडू नका. काम त्याला देऊ नका, पण सहीच्या दिवशी त्याची तासाभराची मजुरी देऊन बरोबर न्या आणि गाडी लिफ्टवर चढवून खालून बघायला सांगा. माझ्या काळात असा माणूस घेऊन येणारे दोघंच आठवतात. त्यांच्या गाड्या आमचा फोरमन आदल्या दिवशी स्वतः तपासायचा.